एक्याण्णव किलोंच्या स्प्रिंगा

६ ऑक्टोबर, सोमवार. चार हजार तीनशे चाळीस रुपये. वजनमास्तरांच्या मुलीने त्या दिवशी एवढे पैसे मोजून मोटारसायकलच्या पुढच्या-मागच्या स्प्रिंगा बदलून घेतल्या, आणि त्याही बापाकडून नव्हे, दुसऱ्याकडून. मास्तरांना हे कळलं सहा दिवसांनी, रविवारी सकाळी. कुणी सांगितलं नाही. गाडीवर बसल्यावर बुडाखालीच कळलं.

वजनमास्तर हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण गेली अठ्ठावीस वर्षं गिऱ्हाइकं त्यांना याच नावाने ओळखतात. वय एकसष्ट, उंची सहा फूट, वजन एक्याण्णव किलो, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. काम एकच, मोटारसायकलचे शॉकअब्सॉर्बर माणसाच्या मापाने करून देणं. इंजिनाला ते हात लावत नाहीत. कुणी "मास्तर, जरा प्लगही बघा ना," म्हणालं, तर "डोळ्याच्या डॉक्टरला दात दाखवतोस का?" असं विचारून त्याला वाटेला लावतात.

अकरा फूट रुंदीच्या त्या गॅरेजात शिरताना आधी पाय पडतो तो वजनकाट्यावर. बंद पडलेल्या एका गोदामातून घेतलेला हा मोठा काटा त्यांनी दारातच जमिनीत बसवून घेतला आहे. गाडी राहिली बाजूला, आधी माणसाने त्यावर उभं राहायचं. हेल्मेट डोक्यात, बूट पायात, डबा हातात, लॅपटॉप पाठीवर. रोज जे घेऊन गाडीवर बसतो, ते सगळं घेऊन.

"वजन किती?"

"सत्तर असेल."

"असेल नको. राहा उभा. हे बघ, चौऱ्याऐंशी. सत्तर कधी होतं, लग्नात?"

"मास्तर, बुटांचं पण धरलंत..."

"बूट काय मागून चालत येतात? आणि पोट आत ओढू नकोस, काट्याला पोट दिसत नाही."

मास्तरांचा सगळा राग कारखान्यांवर. कारखाना गाडी बनवतो ती एका मध्यम माणसासाठी, ना उंच ना बुटका, ना जाड ना बारीक. "अठ्ठावीस वर्षांत तो मध्यम माणूस माझ्या दारात एकदाही आलेला नाही," ते म्हणत. "येतात ते सगळे खरे." मग त्यांची मापं सुरू होत. चाक अधांतरी धरून एक माप, माणूस बसवून दुसरं. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी किती बसली. चाकाला जेवढा हलायला वाव आहे, त्याच्या साधारण एक तृतीयांश गाडी माणसाखाली बसली पाहिजे. कमी बसली तर स्प्रिंग कडक, रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. जास्त बसली तर मऊ, तळाला आपटणार. स्प्रिंगेखालचं कडं, म्हणजे कॉलर, फिरवून भागवणाऱ्यांचा त्यांना तिटकारा. "कॉलरने गाडीची उंची बदलते, स्प्रिंग नाही बदलत." त्याहून तिटकारा सीट कापणाऱ्यांचा. पाय जमिनीला पोचत नाहीत म्हणून सीटमधला फोम कापून देणारे मेकॅनिक गल्लोगल्ली आहेत. मास्तर त्यांना कसाई म्हणत. "बूट चावतो म्हणून अंगठा छाटतोस का रे?" असा प्रश्न कापलेली सीट घेऊन आलेल्या प्रत्येकाला ऐकावा लागे, जणू त्यानेच सुरी चालवली होती.

असा हा माणूस. आणि या माणसाच्या घरात एक मोटारसायकल होती.

ती त्यांनी चौतिसाव्या वर्षी घेतली. तिच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा त्यांनी स्वतः तार निवडून, स्वतः समोर उभं राहून वळून घेतल्या होत्या. एक्याण्णव किलोंसाठी. त्यानंतर त्यांनी आपलं वजन एक किलोही हलू दिलं नाही. बायको म्हणायची, माणसं तब्येतीसाठी वजन सांभाळतात, आमचे हे स्प्रिंगांसाठी सांभाळतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गुडघ्याने दगा दिला, तेव्हा गाडी मुलीकडे आली. एका अटीवर. कशालाही हात लावायचा नाही, आणि रविवारी सकाळी वीस मिनिटं गाडी बाबांची. नदीवरच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. गुडघा तेवढं सहन करत असे.

मुलगी तेहेतीस वर्षांची, उंचीला जेमतेम पाच फूट. दातांच्या दवाखान्यांत हत्यारं उकळून निर्जंतुक करायची यंत्रं असतात, ती दुरुस्त करायचं तिचं काम. दिवसाला पाच-सहा दवाखाने, पाठीवर अवजारांची पिशवी. आठवड्याला साडेतीनशे किलोमीटर. ती कामावर खूश होती. बंद पडलेलं यंत्र पुन्हा सुरू करून बाहेर पडताना तिची चाल बदलायची, हे तिच्या आईने पाहिलेलं होतं.

तर त्या रविवारी, १२ तारखेला, मास्तर सवयीने गाडीवर बसले आणि गाडी त्यांच्याखाली चिखलात म्हैस बसावी तशी बसली. त्यांना वाटलं, टायरमधली हवा गेली. हवा ठीक होती. गल्लीच्या टोकाच्या गतिरोधकावर मागचा भाग तळाला असा आपटला, की त्यांची कवळी किंचित सरकली. ते उतरले, वाकले आणि बघतच राहिले. स्प्रिंगा काळ्याच होत्या, पण आपल्या नव्हत्या. तार बारीक होती. पुलापर्यंत न जाताच ते फिरले. जिना चढताना गुडघ्याचीही त्यांना आठवण राहिली नाही.

"गाडीला हात कुणी लावला?"

मुलगी स्वयंपाकघरात पाण्याच्या बाटल्या भरत होती. तिने नळ बंद केला नाही. "मी लावून घेतला."

"कुणाकडून?"

"चष्म्याकडून."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चष्मा म्हणजे त्यांच्या हाताखाली बारा वर्षं काम केलेला माणूस. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासमोर तो बोलून गेला होता, की मास्तरांचा हात जरा कडक पडतो. त्याच दिवशी मास्तरांनी त्याचा पाना काढून घेतला. चष्म्याने पुढच्याच चौकात दुकान थाटलं. स्वच्छ फरशी, गिऱ्हाइकांना बसायला खुर्च्या. त्या खुर्च्यांचा मास्तरांना विशेष राग होता.

"साऱ्या गावात तुला दुसरा कुणी मिळाला नाही? माझी मुलगी त्याच्या दारात गाडी घेऊन उभी! लोकांनी बघितलं असेल!"

"बघितलं ना. दोघं तर तुमचीच गिऱ्हाइकं होती."

"आणि वर काळ्या स्प्रिंगा! मला कळू नये म्हणून!"

"काळा रंग मळत नाही म्हणून."

"खोटं बोलू नकोस!"

"बरं, तुम्हाला कळू नये म्हणून!" तिने बाटली ओट्यावर आदळली. "तीन वर्षं सांगतेय, बाबा. कंबर दुखते म्हटलं, तर म्हणालात नीट बसत जा. पायाला मुंग्या येतात म्हटलं, तर म्हणालात बूट बदल. डॉक्टरने मणक्याचा फोटो काढायला लावला, तो तुम्ही उजेडात धरून बघितलात आणि म्हणालात, मशीन जुनं दिसतंय. आठवड्याला साडेतीनशे किलोमीटर मी तुमच्या वजनाच्या गाडीवर आपटत जाते. कशासाठी? रविवारी तुम्हाला वीस मिनिटं बरं वाटावं म्हणून!"

"मला सांगितलं असतंस तर—"

"काय सांगायचं? गल्लीतल्या दूधवाल्यालासुद्धा तुम्ही त्या काट्यावर दोनदा उभं केलंत. मला एकदा तरी केलंत?"

मास्तरांनी हात लांबवून वाहता नळ बंद केला.

"तिचं झालं असेल तर मी सुरू करू का?" दाराशी उभ्या असलेल्या आईने विचारलं.

"तू मध्ये पडू नकोस!"

"मध्येच आहे मी छत्तीस वर्षं. मलाही कुठे उभं केलंत?"

दुसरा कुणी असता तर इथे नरम पडला असता. मास्तर अडचणीत सापडले की त्यांचा राग दुप्पट होतो. दुपारी त्यांनी गाडी गॅरेजात नेली आणि दार आतून लावून घेतलं. चष्म्याच्या कामात खोट काढायची, या एका निश्चयाने त्यांनी नट न् नट तपासला. नट नीट होते. वायसर नवे होते. पुढच्या फोर्कमधलं तेलसुद्धा योग्य मापाचं. सीटमध्ये नवा फोम भरलेला पाहून मात्र त्यांनी घाईघाईने नजर दुसरीकडे वळवली. जसजशी खोट सापडेना तसतसा त्यांचा जीव कासावीस होत गेला.

मग त्यांनी फोन करून बायकोला खाली बोलावलं. येताना मुलीची अवजारांची पिशवी आण म्हणाले, आणि फ्रिजवर चिकटवलेला डॉक्टरचा कागदही. कागदावर मुलीचं वजन होतं पंचेचाळीस, हेल्मेट-बूट धरून सत्तेचाळीस. पिशवी काट्यावर ठेवली, ती भरली अकरा. बेरीज अठ्ठावन्न.

"तुझं वजन किती?"

"बाईमाणसाला असं विचारतात का?"

"उभी राहा म्हणतो ना!"

काटा अठ्ठावन्नावर थांबला. मास्तरांचे डोळे चमकले. "बस गाडीवर."

"मी? पुढे?" त्या कशाबशा चढल्या आणि हँडल धरून ताठ बसल्या. "लग्न झाल्यापासून तुमच्या पाठीखेरीज पुढचं काही दिसलं नव्हतं मला. इथून बरंच दिसतं की!"

मास्तर टेप घेऊन चाकाशी गुडघ्यावर बसले. गाडी पंचेचाळीस मिलिमीटर बसली होती. छत्तीस हवी होती. त्यांनी भिंतीवर खडूने आकडे मांडले, अकरा किलो वजा केले, पुन्हा हिशेब केला. बरोबर छत्तीस.

"पिशवी धरलीच नाही!" ते ओरडले. "गाढवाने पोरीला नुसतीच काट्यावर उभी केली! बारा वर्षं शिकवलं, माणूस जे घेऊन बसतो ते सगळं धरायचं, आणि हा पिशवी विसरला! आणखी दोन महिन्यांत गाडी तळाला आपटायला लागेल आणि तिची कंबर साफ कामातून जाईल!"

"मग आनंद कसला झालाय तुम्हाला?" बायकोने गाडीवरूनच विचारलं.

रात्रभर त्यांनी मनातल्या मनात चष्म्याला शिव्या पाठ केल्या. सोमवारी दुकान उघडायच्या वेळीच ते जाऊन थडकले. खुर्च्यांवर तीन गिऱ्हाइकं होती. मास्तरांनी आवाज त्यांनाही पुरेल इतका चढवला.

"हे तुझं काम? पिशवी कुणी धरायची, तुझ्या बापाने? लोकांकडून चार-चार हजार उकळतोस आणि काट्यावर माणूस अर्धाच उभा करतोस?"

चष्मा पन्नाशीचा, किडकिडीत, हळू बोलणारा. त्याने हात पुसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि खणातून एक कार्ड काढून पुढे केलं. "वाचा, मास्तर."

कार्डावर लिहिलं होतं : माणूस ४७, पिशवी ११, एकूण ५८. पिशवी आणि एकूण या दोन्ही ओळींवर काट मारलेली होती.

"पिशवी मी धरली होती. तुमच्याकडे शिकलोय, विसरेन कसा? तिनेच खोडायला लावली. म्हणाली, एक नोव्हेंबरपासून पिशवी नसणार आहे."

"नसणार म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" चष्म्याचा आवाज आणखी खाली आला. पण खुर्च्यांवरची तिघंही आता पुढे वाकली होती. "तिने ऑफिसात अर्ज दिलाय. फिरतीचं काम सोडून फोन घेण्याच्या टेबलावर बसणार. पगार कमी. डॉक्टर म्हणाला, असंच चालू राहिलं तर वर्षभरात ऑपरेशन. मी म्हटलं, मग गाडीवर खर्च कशाला करतेस? तर म्हणाली, निदान ऑफिसला जाता-येता तरी कमरेत सुरी घुसायला नको. मी दोनदा म्हटलं, पिशवीसकट करू या, कंबर सावरेल, थोडं थांबून बघ. ऐकेना. रडायचं सोडून ती नुसती चिडलेली होती. तुमच्यावरच गेलीय."

मास्तरांनी कार्ड उलटं करून चष्म्याच्या हातात परत दिलं.

"आता मी एक विचारू, मास्तर? सीट कुणी कापली होती?"

सीट मास्तरांनी कापली होती. तीन वर्षांपूर्वी, गाडी मुलीला दिली त्याच आठवड्यात. पाय पोचत नाहीत म्हणाली, तेव्हा स्प्रिंगा मऊ केल्या असत्या तर गाडी तिच्याखाली बसली असती आणि पाय आपोआप पोचले असते. हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण मग रविवारची वीस मिनिटं गेली असती. म्हणून त्यांनी धारदार सुरी घेतली आणि दोन बोटं फोम काढून टाकला. मुलीच्या हाडांत आणि एक्याण्णव किलोंच्या स्प्रिंगांत बोटभर जाडीचा स्पंज उरला.

"सीट कापणाऱ्याला आपण काय म्हणायचो, आठवतंय ना?" चष्मा म्हणाला.

"गप्प बस!" मास्तर एवढ्या जोरात ओरडले की एक गिऱ्हाईक उभंच राहिलं. "गप्प बस म्हटलं ना! अठ्ठावन्नच्या आहेत का तुझ्याकडे? स्प्रिंगा?"

"आहेत."

"आण."

"गाडीवरच्या परत घेतो मी, पण या थोड्या महाग आहेत. वरचे साडेसहाशे—"

"आण म्हटलं ना! पैसे काय पळून चाललेत?"

चष्म्याने नव्या स्प्रिंगांची जोडी दिली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणखी एक जोडी त्यांच्या काखेत सरकवली. "या तुमच्या. मुलीने टाकून द्यायला सांगितल्या होत्या. मला टाकवेनात." मास्तरांनी खिसा चाचपला. पाकीट घरी राहिलं होतं. आभार मानायच्या ऐवजी त्यांनी जाताना एका खुर्चीला लाथ मारली.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली तेव्हा ते गॅरेजच्या दारात उभे होते.

"वर जाऊ नकोस. काट्यावर उभी राहा."

"आता?"

"हेल्मेट काढू नकोस. पिशवी पाठीवरच असू दे."

ती काट्यावर चढली. सुई अठ्ठावन्नावर थांबली.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "परत विचारायला येऊ नका."

"अर्ज दिलास तो मला सांगितला नाहीस."

"तुम्ही सीट कापलीत तेव्हा मला विचारलं होतंत?"

"मला ठाऊक होतं ते चूक आहे," मास्तर म्हणाले. आवाज चढलेलाच होता. त्यांना दुसऱ्या आवाजात बोलता येत नव्हतं. "कापताना ठाऊक होतं!"

"तेच तर!" तिचाही आवाज चढला. "ठाऊक नसतं तर मी एवढी चिडले नसते. दुसऱ्या कुणी कापली असती तर तुम्ही त्याच्या दुकानाला आग लावली असतीत!"

मास्तरांनी पाना उचलला. मागच्या दोन्ही स्प्रिंगा बदलायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. एरवी वीस लागतात, पण त्या दिवशी त्यांनी प्रत्येक नट दोनदा घट्ट करून पाहिला. ती सबंध वेळ पायरीवर बसून फोनमध्ये बघत होती. एकदाही उठून आली नाही, आणि वरही गेली नाही. मग पिशवीसकट गाडीवर बसली. माप आलं छत्तीस. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले.

"गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ये. गतिरोधकावर हळू करू नकोस."

ती गेली, आली, गाडी लावली. "ठीक आहे," एवढंच म्हणाली आणि जिना चढून गेली.

त्यानंतर पंधरा दिवस घरात मोजकंच बोलणं होतं. अर्ज मागे घ्यायची मुदत एकतीस तारखेपर्यंत होती. मास्तरांनी त्याबद्दल ब्र काढला नाही. पण रोज संध्याकाळी ती जिना चढताना कठड्याला हात लावते की नाही, ते दाराच्या फटीतून बघत. पहिला आठवडा लावत होती. नंतर कधी लावायची, कधी नाही. २९ तारखेला जेवताना ती म्हणाली, "अर्ज मागे घेतला. मार्चपर्यंत बघणार. कंबर पुन्हा बोलली तर टेबल." मास्तरांनी मान वर केली, तशी ती पुढे म्हणाली, "तुमच्यासाठी नाही. मला ते काम आवडतं म्हणून."

"मी कुठे काय म्हटलं?"

"चेहऱ्याने म्हटलंत."

"जेवा," आई म्हणाली. "दोघंही."

मुलीचा राग गेलेला नाही. डॉक्टर म्हणतो, मणक्याची जी झीज व्हायची ती झाली, ती काही भरून येत नाही. मुलगी हे वाक्य महिन्यातून एकदा तरी, बाबा ऐकतील अशा बेताने म्हणते. मास्तर ऐकतात. रविवारी सकाळी ते आता पुलापर्यंत पायी जातात. गुडघ्यामुळे जाऊन-येऊन सव्वा तास लागतो, आणि परत आल्यावर जो समोर येईल त्याच्यावर ते ओरडतात. एक्याण्णव किलोंच्या स्प्रिंगांपैकी एक गॅरेजचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली ठेवलेली आहे. दुसरी कुठे आहे ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

गिऱ्हाइकाला काट्यावर उभं करताना ते आता आणखी एक प्रश्न विचारतात. "घरात ही गाडी अजून कोण चालवतं?" गिऱ्हाईक बायकोचं किंवा मुलीचं नाव घेतं, आणि वर म्हणतं, की रोज तीच नेते, मी काय, सुट्टीच्या दिवशी. मग मास्तर असा काही तोंडाचा पट्टा सोडतात, की शेजारचा टायरवाला काम थांबवून ऐकतो. "मग तू कशाला आलास? घरी जा! जी रोज बसते तिला घेऊन ये, पिशवीसकट!" या पायी चार गिऱ्हाइकं कायमची तुटली. दोघी जणी आल्या.

चष्म्याच्या दुकानावरून ते अजूनही जात नाहीत. चौक टाळून लांबच्या रस्त्याने जातात. स्प्रिंगांच्या फरकाचे साडेसहाशे रुपये चष्म्याला द्यायचे आहेत. ते दिलेले नाहीत.